सापडत नाही ती आज्ञा नव्हे, वाट

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकापुढे एखादी विद्यार्थिनी बसते, काळ्या खिडकीत एक शब्द टंकते आणि एंटर दाबते. उत्तर येते, 'कमांड नॉट फाउंड', म्हणजे अशी आज्ञा सापडली नाही. ती स्पेलिंग तपासते, ते बरोबर असते. मग दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधले टर्मिनल उघडून ती तोच शब्द टंकते आणि या वेळी आज्ञा बिनतक्रार चालते. यंत्र तेच, व्यक्ती तीच, आज्ञाही तीच; मग उत्तरे दोन कशी?

यातून साधारणपणे दोन निष्कर्ष काढले जातात. मुलीला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. शिक्षकांना वाटते, संगणक बिघडला, सगळे पुसून पुन्हा भरावे. जिथे इंटरनेट मंद आणि वीज बेभरवशाची, तिथे पुन्हा भरण्यात दिवस जातो आणि पुष्कळदा दोष जिथल्या तिथेच राहतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. पन्नासहून अधिक वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या अडचणीवर जी उत्तरे काढली, ती सगळी आजच्या संगणकात एकावर एक साचली आहेत. ते थर ओळखता आले, तर दोष पाच मिनिटांत सापडतो.

(पुढे आज्ञांची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात.)

वाट म्हणजे काय?

आपण टंकलेला शब्द वाचून योग्य तो प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मध्यस्थाला 'शेल' म्हणतात. प्रत्येक आज्ञा ही बहुधा डिस्कवरच्या कुठल्यातरी डिरेक्टरीत ठेवलेली एक फाईल असते. शेलला ती शोधावी लागते. शोधायची कुठे?

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्गाचे उदाहरण घेऊ. सावंतवाडी तालुक्यातून वेगळा होऊन १९९९ साली हा स्वतंत्र तालुका झाला. समजा, तिथल्या एका घरात पाण्याच्या पंपाचा वॉशर हवा आहे. मोठ्या माणसांनी चिठ्ठी लिहून दिली: आधी दोडामार्गचा बाजार पाहा, तिथे नसेल तर डिचोली, तिथेही नसेल तर म्हापसा, शेवटी सावंतवाडी. चिठ्ठी घेऊन निघालेला मुलगा याच क्रमाने फिरेल आणि वस्तू जिथे पहिल्यांदा मिळेल तिथे थांबेल. चिठ्ठीत चंदगडचे नाव नसेल, तर तिलारीचा घाट चढून तो वर जाणारच नाही. चंदगडच्या दुकानात वॉशरचा ढीग असला, तरी तो घरी येऊन 'मिळाला नाही' असेच सांगेल. आणि दोन भावांच्या हाती वेगळ्या क्रमाच्या चिठ्ठ्या दिल्या, तर दोघे दोन वेगळे वॉशर घेऊन येतील.

शेलच्या हातातल्या अशा चिठ्ठीला 'पाथ' म्हणतात. पाथ म्हणजे मार्ग; तो शब्द दोडामार्गाच्या नावातच आहे. या चिठ्ठीत डिरेक्टरींची नावे ओळीने लिहिलेली असतात आणि दोन नावांमध्ये विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह असते. 'आज्ञा सापडली नाही' याचा खरा अर्थ एवढाच, की मला दिलेल्या चिठ्ठीतल्या ठिकाणी ती सापडली नाही.

चिठ्ठीचा जन्म

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 'रनकॉम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवी. आजच्या '.बॅशआरसी' या फाईलच्या नावातले 'आरसी' हे त्याच रनकॉमचे अवशेष. 'शेल' हा शब्दही पूझां यांचाच. तो मल्टिक्स या प्रणालीच्या आखणीच्या काळात आला.

बेल प्रयोगशाळा १९६९ साली मल्टिक्स प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्या केन टॉमसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. ज्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स वाढली, त्याची स्मृती २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्या डिस्कवर मावणार नाही.

टॉमसन यांच्या शेलमध्ये चिठ्ठी नव्हतीच. कुठे शोधायचे हे प्रोग्रॅममध्येच पक्के लिहिलेले होते: आधी आपण जिथे उभे आहोत ती डिरेक्टरी, मग '/बिन'. पुढे एका डिस्कवर सगळे मावेना. वापरणाऱ्यांच्या फायलींसाठी जी '/युझर' डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर होती, तिथेच काही आज्ञाही ठेवाव्या लागल्या आणि यादीत '/युझर/बिन' हे तिसरे ठिकाण आले. जागेच्या टंचाईतून झालेली ही विभागणी टंचाई संपल्यावरही कित्येक दशके टिकली. फेडोरा या लिनक्सने ती २०१२ साली मोडून दोन्ही डिरेक्टरी एक केल्या.

'आपण उभे आहोत ती डिरेक्टरी आधी' हा नियम मात्र घातक ठरला. सामायिक यंत्रावर कोणी खोडसाळपणे आपल्या डिरेक्टरीत 'एलएस' नावाची बनावट फाईल ठेवली, तर तिथे येऊन 'एलएस' टंकणाऱ्याकडून तीच चालवली जाई. म्हणून आज बहुतेक प्रणालींच्या पाथमध्ये चालू डिरेक्टरी नसते. 'फाईल समोर दिसते आहे, तरी तिच्यामागे टिंब आणि तिरपी रेघ का लावायची?' असे मुले विचारतात. त्याचे उत्तर हे.

पक्की यादी सर्वांना पुरेना. बेल प्रयोगशाळेतच अनेक प्रकल्पगट एका यंत्रावर काम करू लागले आणि प्रत्येकाला आपल्या खास आज्ञांची डिरेक्टरी हवी होती. जॉन मॅशी यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर आपल्या शेलमध्ये ही यादी वापरणाऱ्याला बदलता येईल अशी सोय केली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि 'पाथ' आजच्या रूपात स्थिरावला.

एकदाच की दर वेळी?

सातव्या आवृत्तीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली, ती म्हणजे परिसर. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला, की पहिल्याच्या परिसराची नक्कल दुसऱ्याला मिळते. पाथ हा या परिसराचाच भाग. वारसा वरून खाली येतो, खालून वर जात नाही. मुलाने आपल्या चिठ्ठीत काही खरडले, म्हणून आईच्या वहीतली यादी बदलत नाही.

त्यामुळे बोर्न यांच्या शेलला एकच फाईल पुरली: '.प्रोफाईल'. संगणकावर नाव नोंदवून आत शिरताना, म्हणजे लॉगिन करताना, ती एकदा वाचायची. पुढचे सगळे प्रोग्रॅम वारशाने पाथ घेतील. त्याच सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. त्यात आज्ञांना टोपणनावे देता येत, पण टोपणनावे वारशाने पुढे जात नसत. म्हणून त्यांनी दोन फायली केल्या: '.लॉगिन' एकदाच वाचायची, '.सीएसएचआरसी' प्रत्येक नवा शेल सुरू होताना. वारशाने जाते ते एकदा, जात नाही ते दर वेळी, हा विचार अगदी तर्कशुद्ध होता.

१९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशने दोन्ही परंपरा उचलल्या. लॉगिन शेल असेल तर '.बॅश_प्रोफाईल', ती नसेल तर '.बॅश_लॉगिन', तीही नसेल तर '.प्रोफाईल', यांतली जी पहिली सापडेल तेवढीच वाचायची. लॉगिन नसलेल्या, पण माणसाशी बोलणाऱ्या शेलने '.बॅशआरसी' वाचायची. १९९० साली प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी पॉल फॉलस्टॅड यांनी झेडशेल लिहिला. तिथले एक अध्यापन साहाय्यक झाँग शाओ यांचे लॉगिन नाव 'झेडएसएच' होते, तेच या शेलला मिळाले. त्याच्या फायली आणखी वेगळ्या: '.झेडएसएचईएनव्ही' नेहमी, '.झेडप्रोफाईल' लॉगिनच्या वेळी, '.झेडएसएचआरसी' माणसाशी बोलताना.

खिडक्यांनी केलेला घोळ

हे सारे एक माणूस, एक टर्मिनल आणि एक लॉगिन या कल्पनेवर उभे होते. १९८४ साली एमआयटीमध्ये एक्स ही खिडक्यांची प्रणाली सुरू झाली. आता लॉगिन एकदा होई आणि नंतर टर्मिनलच्या दहा खिडक्या उघडत. नवी खिडकी हे नवे लॉगिन समजायचे की नाही?

एक्सटर्मने ठरवले, नाही. माणूस आधीच आत आला आहे, पाथ वारशाने मिळेल. लिनक्सवरची बहुतेक टर्मिनले आजही हेच मानतात. मॅकच्या टर्मिनलने ठरवले, होय. प्रत्येक खिडकी हे नवे लॉगिन. टीमक्सही नेहमीच्या मांडणीत लॉगिन शेलच उघडतो. संपादक प्रोग्रॅमच्या आत उघडणारे टर्मिनल कोणत्या बाजूचे, हे त्या प्रोग्रॅमच्या मांडणीवर ठरते. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर आहे. पण '.प्रोफाईल'मध्ये लिहिलेली ओळ एका खिडकीत वाचली जाते आणि दुसरीत जात नाही, ती यामुळेच.

मॅकवर आणखी एक थर आहे. तिथे २००७ पासून 'पाथ हेल्पर' नावाचा प्रोग्रॅम लॉगिनच्या वेळी प्रणालीच्या डिरेक्टरी यादीत पुढे आणून ठेवतो. २०१९ पासून तिथे नव्या खात्यांसाठी झेडशेल हा नेहमीचा शेल झाला. '.झेडएसएचईएनव्ही'मध्ये आपण पाथच्या सुरुवातीला जोडलेली डिरेक्टरी त्यामुळे मागे ढकलली जाते, आणि एकाच नावाच्या दोन आज्ञा असतील तर वेगळीच चालते.

आपल्याकडे हा वारसा जुना आहे. १९८० च्या दशकात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, ती युनिक्सच्याच यूयूसीपी प्रोग्रॅमने. पुढे सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले. म्हणजे हा प्रश्न शाळेपर्यंत पोचणारच होता.

शोध कसा घ्यावा?

विज्ञानाच्या प्रयोगात करतो तेच करावे: दोन्ही खिडक्या शेजारी ठेवाव्यात आणि फरक नोंदवावा. वहीत दोन रकाने आखून प्रत्येक खिडकीसाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

पहिला, शेल कोणता आणि कसा सुरू झाला? 'एको' या आज्ञेपुढे डॉलरचे चिन्ह आणि शून्य टंकावे. उत्तराच्या सुरुवातीला आडवी रेघ दिसली तर तो लॉगिन शेल. ही खूण जुन्या युनिक्सपासून चालत आली आहे. रेघ नसेल तर बहुधा तो लॉगिन शेल नाही.

दुसरा, चिठ्ठीत काय आहे? 'एको' पुढे डॉलर आणि मोठ्या अक्षरांत 'पाथ'. येणारी यादी एका ओळीवर एक नाव अशी उतरवून घ्यावी. फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

तिसरा, नेमकी कोणती आज्ञा चालते? जिथे आज्ञा चालते त्या खिडकीत 'टाइप', मग आडवी रेघ व 'ए', आणि आज्ञेचे नाव टंकावे. ती कुठे कुठे आहे हे क्रमाने दिसते.

नेहमी आढळणारी काही उदाहरणे पाहू. उबुंटूवर पायथनचे एखादे साधन भरले, की ते घरच्या डिरेक्टरीतील '.लोकल/बिन'मध्ये जाऊ शकते. उबुंटूची '.प्रोफाईल' ही डिरेक्टरी पाथमध्ये जोडते, पण लॉगिनच्या वेळी ती अस्तित्वात असेल तरच. डिरेक्टरी आत्ताच तयार झाली असेल, तर आज आज्ञा सापडत नाही आणि उद्या आपोआप चालू लागते. उपाय एवढाच, की बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. दुसरे उदाहरण: एखादा प्रोग्रॅम भरताना नवी '.बॅश_प्रोफाईल' तयार होते आणि त्या क्षणापासून लॉगिन बॅश '.प्रोफाईल' वाचणे थांबवतो. आपण '.प्रोफाईल'ला हातही लावलेला नसतो.

दुरुस्ती करताना दोन पथ्ये पाळावीत. पाथची ओळ एकाच ठिकाणी लिहावी, दिसेल त्या प्रत्येक फाईलमध्ये नव्हे, बॅशसाठी '.प्रोफाईल' आणि मॅकवरच्या झेडशेलसाठी '.झेडप्रोफाईल' ही बहुधा योग्य जागा. '.बॅश_प्रोफाईल' असेलच, तर तिच्यातून '.प्रोफाईल' वाचायला सांगावे. आणि नवी डिरेक्टरी जुन्या पाथला जोडावी, जुना पाथ पुसू नये. नाही तर 'एलएस'सुद्धा सापडेनासे होते.

वर्गात हा तासाभराचा उपक्रम होऊ शकेल. मुलांना दोन वेगळी टर्मिनले द्यावीत, तीन प्रश्नांची उत्तरे लिहू द्यावीत आणि फरक का पडला हे त्यांनाच शोधू द्यावे. उत्तर सापडल्यावर त्या विद्यार्थिनीला एक गोष्ट नक्की कळेल. 'सापडली नाही' हा तिच्या बुद्धीवरचा शेरा नव्हता. शेलने आपण कुठवर शोधले एवढेच सांगितले होते, आणि ती यादी वाचणे व दुरुस्त करणे तिच्या हातात आहे.