विमान कंपनीतील प्रशिक्षक आणि राखीव सैन्यसेवा: अमेरिकेत दोन्हींचा मेळ कसा बसतो?

अमेरिकेत विमान कंपन्यांचे अनेक वैमानिक आणि प्रशिक्षक हवाई दलाच्या राखीव दलात किंवा एअर नॅशनल गार्डमध्येही सेवा करतात. आपल्याकडच्या प्रादेशिक सेनेप्रमाणे हेही नोकरी सांभाळून करायचे सैनिकी काम आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे, असा त्याचा ढोबळ हिशेब सांगितला जातो. मात्र वैमानिकांना उड्डाणाचा सराव टिकवायचा असल्याने याहून जास्त दिवस द्यावे लागतात.

नोकरीला संरक्षण कशाचे?

१९९४ चा 'यूसेरा' हा संघीय कायदा अशा कर्मचाऱ्यांची नोकरी राखतो. सैनिकी कामासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त पूर्वसूचना द्यावी लागते. ती तोंडी दिली तरी चालते. बदली माणूस शोधून देण्याची किंवा हक्काची सुट्टी खर्च करण्याची सक्ती कंपनीला करता येत नाही. एका कंपनीत असताना अशी सेवा एकूण पाच वर्षांपर्यंत करता येते. नेहमीचे मासिक व वार्षिक प्रशिक्षण या मर्यादेत मोजले जात नाही.

परत रुजू कधी व्हायचे?

- सेवा ३० दिवसांपर्यंत असेल, तर घरी पोहोचून आठ तासांची विश्रांती झाल्यावर येणाऱ्या पुढच्या कामाच्या पाळीला.
- ३१ ते १८० दिवसांची असेल, तर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो.
- १८० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर ९० दिवसांत अर्ज करावा लागतो.

परतल्यावर 'सरकत्या जिन्याचे तत्त्व' लागू होते. कर्मचारी गेलाच नसता तर तो ज्या पायरीवर असता, त्या पायरीवर त्याला घ्यावे लागते. विमान कंपन्यांत विमानाचा प्रकार, महिन्याचे वेळापत्रक आणि सुट्ट्या सेवाज्येष्ठतेवर ठरतात. म्हणून या तत्त्वाला तिथे मोठे मोल आहे.

पात्रतेचे काय?

खरी अडचण इथे येते. कायदा पद राखतो, पण पात्रतेची मुदत थांबवत नाही. विमान वाहतूक नियामक एफएएच्या नियमांनुसार सिम्युलेटरवर शिकवणाऱ्याने मागच्या १२ महिन्यांत त्या विमानाच्या चालक दलात राहून किमान दोन उड्डाणे केलेली असावी लागतात, किंवा उड्डाण-निरीक्षणाचा मान्यताप्राप्त कार्यक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. शिवाय २४ महिन्यांतून एकदा त्याच्या शिकवण्याचीच तपासणी होते. जो प्रवासी विमानही उडवतो, त्याला ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे लागतात. दीर्घ तैनातीत या मुदती उलटू शकतात. अशा वेळी पुन्हा पात्र होण्यासाठी प्रशिक्षण देण्याचा वाजवी प्रयत्न कंपनीने करावा, असे यूसेरा सांगतो. तोवर प्रशिक्षक पदावर असतो, पण शिकवू शकत नाही.

पगार आणि थकवा

सैनिकी रजेचा पगार देणे कायद्याने सरसकट बंधनकारक नाही. मात्र ज्युरी सेवेसारख्या तत्सम अल्प रजेला कंपनी पगार देत असेल, तर सैनिकी रजेलाही तो मागता येऊ शकतो, असे युनायटेड एअरलाइन्सविरुद्धच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले.

थकव्याचा हिशेब मात्र स्वतःच ठेवावा लागतो. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना २८ दिवसांत १०० उड्डाणतासांची मर्यादा आहे, पण ती नागरी कंपन्यांसाठीच्या उड्डाणांची आहे. सैन्यातली उड्डाणे तीत धरली जात नाहीत. तरीही कामावर येताना आपण तंदुरुस्त आहोत की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वैमानिकाचीही असते.

मेळ कसा साधतात?

सरावाच्या तारखा कळताच, महिन्याचे वेळापत्रक ठरण्याआधी, त्या कंपनीला लेखी कळवणे हिताचे ठरते. सैनिकी आदेशांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि तैनातीवर जाण्यापूर्वी कोणती पात्रता कधी संपते याची यादी करावी. वाद झालाच, तर १९७२ पासून कार्यरत असलेली संरक्षण खात्याची 'ईएसजीआर' ही संस्था विनामूल्य मध्यस्थी करते. त्याने न सुटल्यास कामगार खात्याकडे तक्रार करता येते.