कायमचा पत्ता कोणाचा?

आयटी कंपनीत रुजू होताना माझी पदवी आणि कायमचा पत्ता तपासला गेला. 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' हा शब्द नवा असला, तरी आरोग्यसेवेत अशी तपासणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ज्या काळाला ज्याची भीती, ते त्या काळाने तपासले.

१९१२च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदवही आणली, १९३५च्या कायद्याने परिचारिका आणि सुइणींची. भीती होती ती अशिक्षित हातांची. भोर तेव्हा संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पण नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत पोहोचेल, याची हमी नोंदवही कशी देणार?

म्हणून २ ऑक्टोबर १९७७ला केंद्राने उलटी वाट धरली. गावानेच आपला आरोग्यरक्षक निवडायचा, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. निवडले गेले बहुतांश पुरुष, आणि बाळंतपणाच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देणार? २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही चूक सुधारली. 'आशा' ही बाईच हवी, त्याच गावची, शक्यतो २५ ते ४५ वयाची, किमान आठवी शिकलेली, ग्रामसभेच्या संमतीने निवडलेली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. डोंगराळ भागात वस्तीनुसार सवलत. भोर-वेल्ह्यासारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या मुलखात ही सवलत फार मोलाची.

मात्र याच निकषांत आणखी एक अट आहे: ती विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी. कारण सरळ आहे. लग्नानंतर मुलगी सासरी जाईल आणि तिच्यावरचे प्रशिक्षण वाया जाईल. आता भीती अडाणीपणाची नाही, निघून जाण्याची आहे. त्यामुळे वाडीतली बारावी झालेली अविवाहित मुलगी मागे पडते आणि त्याच वाडीत नांदायला आलेली सून पात्र ठरते. जन्मगाव हा मुलीचा कायमचा पत्ता नाही, हे सरकारी कागदाने मान्य केले.

गंमत म्हणजे एवढे पारखून घेतलेल्या बाईला व्यवस्था कर्मचारी म्हणत नाही. ती 'स्वयंसेविका', पगाराऐवजी कामानुसार मोबदला घेणारी. पत्ता कायमचा हवा, नोकरी कायमची नको.

रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी प्रशिक्षण आणि चारित्र्य जरूर तपासावे. माणसे टिकावीत असे वाटत असेल, तर मुलीचे लग्न नव्हे, आपण देतो तो पगार तपासायला हवा.