वायफाय कॅमेरा जोडला, पण सारखा ऑफलाइन जातोय? रीसेट करण्याआधी हे तपासा

गोठ्यावर वायफाय कॅमेरा बसवला, ॲपमध्ये जोडला, चित्रही दिसलं. दुसऱ्या दिवशी शेतातून मोबाईल उघडला तर 'डिव्हाइस ऑफलाइन'. मग वैतागून रीसेट करायचं, पुन्हा जोडायचं, आणि पुन्हा तीच गत. जनावरं राखायला बसवलेला कॅमेरा नेमका रात्री बंद असेल तर उपयोग काय?

जोडणी झाली म्हणजे त्या वेळी कॅमेऱ्याला वायफाय मिळालं, एवढंच. पुढे चालू राहायला वीज, वायफायची रेंज आणि इंटरनेट या तिन्ही गोष्टी सतत लागतात. यातलं काय तुटतंय ते क्रमाने बघा.

१. घरातलं सगळंच बंद आहे का?
मोबाईलवरही वायफायचं नेट चालत नसेल तर दोष कॅमेऱ्यात नाही. फायबरच्या राउटरवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर केबल तुटली किंवा निघाली असण्याची शक्यता जास्त. कनेक्शनवाल्याला कळवा.

२. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलाय का?
तुम्ही मोबाईल घेऊन शेतात गेलात की हॉटस्पॉटही तुमच्याबरोबर गेला. कॅमेऱ्यासाठी घरी कायम राहणारा राउटर किंवा सिमवाला डोंगल लागतो.

३. रेंज पुरते का?
कॅमेऱ्याजवळ उभं राहून मोबाईलवर वायफायच्या कांड्या बघा. पत्रा आणि जाड भिंत सिग्नल अडवतात. खात्री करायची तर कॅमेरा एक दिवस राउटरशेजारी चालवा. तिथे टिकला तर अडचण रेंजचीच. राउटर उंचावर, गोठ्याच्या बाजूला ठेवा किंवा मधे रिपीटर लावा.

४. बँड कोणता?
स्वस्तातले बहुतेक कॅमेरे, बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ या दोन्हींचं नाव एकच असेल तर काही वेळा गडबड होते. सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि कॅमेरा २.४ वर जोडा. वायफायचा पासवर्ड बदलला असेल तरी नव्याने जोडावं लागतं.

५. दिवसा चालतो, रात्री बंद पडतो?
अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. ॲडॉप्टर कमजोर असेल किंवा वायर लांब आणि बारीक असेल, तर व्होल्टेज पडून कॅमेरा परत परत चालू-बंद होतो. कॅमेऱ्यावर लिहिलंय तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर लावा.

६. लाईट गेल्यानंतर परत येत नाही?
आधी राउटर चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग कॅमेरा. लोडशेडिंग असेल तर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकटा कॅमेरा चालू राहून उपयोग नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तरच रीसेट करा. रीसेट केलं की कॅमेरा वायफायचं नाव-पासवर्ड विसरतो, सगळं पहिल्यापासून जोडावं लागतं.

आणि एक काम आजच करा. कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची सोय असेल तर कार्ड टाका. बरेच कॅमेरे नेट गेलं तरी वीज असेपर्यंत कार्डावर रेकॉर्डिंग करतात. शेवटी मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चित्र बघा. रात्री ते दिसलं, तर काम झालं समजा.