पूर्वप्रतिकारशक्ती आणि जिवंत जिवाणू लस : बीसीजीच्या भारतीय इतिहासातील एक प्रश्न

प्रास्ताविक :

लसीकरणाचा इतिहास लिहिताना लस कोणी शोधली, ती देशात केव्हा आली आणि किती जणांना टोचली गेली, एवढ्याचीच नोंद बहुधा घेतली जाते. ज्या शरीरात लस जाते त्यालाही स्वतःचा पूर्वेतिहास असतो, ही बाब दुर्लक्षित राहते. जिवंत जिवाणूंच्या लसीबाबत ती विशेष महत्त्वाची आहे. अशा लसीतील जिवाणूंना शरीरात काही काळ टिकून वाढावे लागते. त्या जिवाणूशी अथवा त्याच्या भाऊबंदांशी शरीराचा आधीच परिचय झालेला असेल, तर ही वाढ आरंभीच रोखली जाण्याची शक्यता असते. भारतात हा प्रश्न बीसीजी या क्षयप्रतिबंधक लसीच्या निमित्ताने प्रकर्षाने पुढे आला.

चाचणीपासून थेट टोचणीपर्यंत :

काल्मेट आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी गोवंशीय क्षयजंतू दुर्बल करून तयार केलेली ही लस १९२१ साली प्रथम मानवास देण्यात आली. भारतात १९४८ पासून तिचा प्रसार सुरू झाला व त्याच वर्षी मद्रासजवळ गिंडी येथे लसनिर्मितीची प्रयोगशाळा स्थापन झाली. आरंभीच्या मोहिमांत आधी ट्यूबरक्युलीन चाचणी केली जाई आणि जिच्या त्वचेवर प्रतिक्रिया उमटत नसे अशाच व्यक्तीस लस दिली जाई. म्हणजे पूर्वपरिचित शरीरे वेगळी काढण्याची सोय कार्यपद्धतीतच होती. मात्र त्यासाठी एकाच गावात दोनदा जावे लागे. पुढे १९६०च्या दशकात ही चाचणी वगळून थेट लस देण्याची पद्धत रूढ झाली. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचेच होते; परंतु लस घेणाऱ्याची पूर्वस्थिती त्यामुळे नोंदवहीतून नाहीशी झाली.

चिंगलपटचा धक्का :

तमिळनाडूतील चिंगलपट जिल्ह्यात १९६८ साली बीसीजीची मोठी चाचणी सुरू झाली. नोंदविलेल्या ३,६६,६२५ व्यक्तींपैकी २,८१,१६१ जणांना यादृच्छिक पद्धतीने लस वा निष्क्रिय द्रव्य टोचण्यात आले. येथे ट्यूबरक्युलीन चाचणीही झाली, आणि तिच्या आधारे असंसर्गित ठरलेल्या १,०९,८७३ जणांवर मुख्य विश्लेषण बेतले गेले. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकातील चाचणीत किशोरवयीनांना सुमारे ८० टक्के संरक्षण मिळाले होते. चिंगलपटमध्ये मात्र प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून काहीच संरक्षण लाभले नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमध्ये २७ टक्के संरक्षण आढळले. तेही संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित म्हणावे असे नव्हते.

कारणमीमांसेत पर्यावरणीय मायकोबॅक्टेरियांकडे लक्ष वेधले गेले. माती व पाण्यात राहणारे हे जिवाणू क्षयजंतूंचे निरुपद्रवी नातलग होत. चिंगलपटमधील बहुतेक मुलांची किशोरवयापर्यंत त्यांच्याशी गाठ पडलेली होती. याचे दोन अर्थ लावण्यात आले. एका मतानुसार या परिचयातूनच थोडे संरक्षण मिळालेले असते आणि लसीचे श्रेय त्याखाली झाकले जाते. १९६६ साली गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांचा त्यास आधार होता. दुसऱ्या मतानुसार सावध झालेले शरीर लसीच्या जिवाणूंना वाढूच देत नाही. २००२ साली उंदरांवरील प्रयोगांत तसे दिसून आले. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. तथापि केवळ त्यांवर चिंगलपटचे सगळे अपयश टाकणेही योग्य नाही. स्थानिक क्षयजंतूंची भिन्नता व जुन्या संसर्गाचे उशिरा होणारे जागरण हेही मुद्दे मांडले गेले आहेत.

परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झालेल्या आयसीआरसी या कुष्ठरोग लसीचा दाखला येथे बोलका आहे. ती मारलेल्या जिवाणूंची असल्याने तिच्याबाबत वाढ रोखली जाण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिण भारतातील तौलनिक चाचणीच्या १९९८ च्या अहवालानुसार तिने कुष्ठरोगापासून ६५.५ टक्के, तर नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण दिले. मात्र यावरून मृत लस श्रेष्ठ ठरविणे घाईचे होईल, कारण बीसीजीत मारलेले कुष्ठजंतू मिसळल्यावर हेच प्रमाण ६४ टक्के झाले होते.

वाहक म्हणून जिवाणू :

बीसीजीत अन्य रोगजंतूंची जनुके घालून तिला वाहक बनविण्याचे प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. साल्मोनेला या वाहकाबाबत प्राण्यांवरील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. पूर्वपरिचयामुळे प्रतिसाद वाढतो असे १९९१ च्या एका अभ्यासाने, तर तो घटतो असे १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासाने दाखविले.

महाराष्ट्रापुरते पाहता व्हीपीएम१००२ ही लस लक्षणीय ठरते. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीचे एक जनुक काढून व लिस्टेरियाचे एक जनुक घालून ती घडविण्यात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१२ साली तिचे हक्क घेतले. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर २०१९ साली सुरू झालेल्या भारतीय चाचणीत तिचा समावेश झाला. ठाणे असो, डोंबिवली असो वा देशातील अन्य कोणतेही गाव, राष्ट्रीय कार्यक्रमानुसार बीसीजी जन्मतःच देण्याची पद्धत आहे. त्यात घरातील रुग्णाच्या सहवासाची भर पडते. नवी लस बहुधा अशाच दुहेरी परिचय झालेल्या शरीरांत जाते. २०२४ साली प्रौढांना पुन्हा बीसीजी देण्याचा अभ्यास काही राज्यांत सुरू झाला, तेव्हा साठीपुढील व्यक्ती, मधुमेही आणि धूम्रपान करणारे यांच्याबरोबरच क्षयरुग्णांचे निकटवर्ती आणि मागील पाच वर्षांत स्वतःच क्षयातून उठलेले लोकही पात्र ठरविण्यात आले. १९४८ च्या मोहिमेत चाचणीवरून परत पाठविले गेले असते ते प्रामुख्याने असेच लोक होते.