घाटाची चढण आणि इंजिनाचा श्वास



मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येताना राजूरचा घाट लागतो. मोटार चढणीला लागली की ड्रायव्हर गियर बदलतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि आत बसलेले आपण उगीचच पुढे झुकतो, जणू आपल्या झुकण्याने गाडीला हातभारच लागणार आहे! १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. ती मलकापुरावरून गेली, पण बुलढाण्याला आजही रेल्वेचे स्टेशन नाही. सुमारे २१०० फूट उंचीवरचे हे जिल्ह्याचे ठाणे मोटारीच्याच भरवशावर जगत आले आहे. म्हणून चढणीवर इंजिनाला बळ कोठून मिळते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. आजचे व्याख्यान त्याच प्रश्नाच्या एका शाखेचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशभर मोटारींच्या पाठीशी लोखंडी भट्ट्या बसल्या आणि कोळशाच्या वायूवर गाड्या धावू लागल्या. सपाटीवर ते चालून जाई. चढणीवर मात्र गाडी धापा टाकी, कारण त्या वायूचा जवळजवळ निम्मा भाग न जळणाऱ्या नत्रवायूचा असे आणि इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. त्या हालअपेष्टांनी एक धडा दिला. इंजिनाला दोन गोष्टी लागतात, अन्न आणि श्वास. अन्न म्हणजे इंधन, श्वास म्हणजे हवेतला प्राणवायू. दोहोंचे प्रमाण बिघडले की यंत्र बिघडते.

हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. पेट्रोलचे तुषार उडवणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी व जर्मनीत मायबाख यांनी घडवला. त्याची युक्ती साधी, पण मोठी सुंदर आहे. हवा जिथून आत जाते ती नळी मध्येच अरुंद केलेली असते. त्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि लहानशा जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते. हवा जास्त, तर ओढ जास्त; ओढ जास्त, तर पेट्रोल जास्त. वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हा त्याचा हिशेब. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. गळ्यातून जे गेले तेवढेच त्याला कळते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचाच आधार घ्यायचा आहे.

आता श्वास वाढवण्याची कथा. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड हा वायू प्रथम तयार केला. १७९९ मध्ये हंफ्री डेव्ही याने तो स्वतः हुंगून पाहिला. हसू येते म्हणून त्याला हास्यवायू हे नाव पडले. १८४४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स याने त्याच्या गुंगीत स्वतःचा दात काढून घेतला. जत्रेतला हा गमतीचा वायू दवाखान्यात आला, आणि शंभर वर्षांनी लढाऊ विमानात जाऊन बसला!

त्याचे कारण असे. उंचावर हवा विरळ होते. आपल्या बुलढाण्यातदेखील ती समुद्रकाठच्या मानाने सुमारे ६ टक्के विरळ आहे. २८,००० फुटांवर तर ती निम्म्याहूनही कमी उरते. तिथे इंजिन गुदमरते. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के प्राणवायू असतो. साध्या हवेत तो २३ टक्केच. सिलिंडरच्या उष्णतेने हा वायू फुटतो आणि आतला प्राणवायू मोकळा होतो. शिवाय द्रवरूपातून वायुरूपात येताना तो भोवतालची हवा गार करतो, म्हणजे तीही दाट होते. जर्मनांनी महायुद्धात ही योजना ‘जीएम-१’ या नावाने वापरली; इंग्रजांनीही १९४४ मध्ये काही मॉस्किटो विमानांना ती बसवली.

परंतु श्वास वाढवला की अन्नही वाढवावे लागते. जर्मन इंजिनांत पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. इंग्रजांच्या मर्लिन इंजिनाला मात्र कार्ब्युरेटर होता, आणि त्याचे दुखणे आधीच उघडे पडले होते. विमानाने एकदम नाक खाली केले की फ्लोटच्या कुपीतले पेट्रोल वर उसळे. इंजिन आधी उपाशी राही आणि मग अति पेट्रोलाने गुदमरे. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी पेट्रोलच्या वाटेत नेमक्या भोकाची एक छोटी चकती बसवली. इंजिनाला पूर्ण ताकदीस जेवढे लागते तेवढेच पेट्रोल तिच्यातून जाई. मर्लिनवरची हरिकेन विमाने १९४२ पासून आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनीही उडवली. एका चकतीच्या भोकावर माणसाचा जीव तोलला जातो, हे सांगायला याहून मोठे उदाहरण नको.

युद्ध संपले आणि हा वायू शर्यतीच्या मोटारींकडे वळला. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याची तयार साधने विकणारी कंपनीही निघाली. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला वायू जोडणाऱ्याची पहिली चूक सर्वत्र एकच असते: बाटली जोडली की झाले! पण मघाची गोष्ट आठवा. हा वायू बहुधा कार्ब्युरेटरच्या खाली बसवलेल्या पट्टीतून आत शिरतो. तो गळ्यातून जातच नाही. कार्ब्युरेटरला त्याची वार्ताही नसते, म्हणून तो जास्तीचे पेट्रोल देत नाही. इंजिनाला श्वास दुप्पट, अन्न तेवढेच! ज्वाला कडक होते, इंजिन खडखडते आणि पिस्टनचे माथे वितळते. ताकद वायूने दिली असे वाटते, पण पिस्टन वाचवते ते पेट्रोल.

म्हणून जाणता मिस्त्री आधी पेट्रोलची वाट बांधतो. त्या पट्टीत दोन नळ्या शेजारी शेजारी असतात, एक वायूची, एक पेट्रोलची. दोहोंच्या विजेच्या झडपा एकाच क्षणी उघडतात, आणि त्याही पाय पूर्ण दाबला असेल तेव्हाच. दर साडेनऊ भाग वायूला सुमारे १ भाग पेट्रोल लागते. शहाणा माणूस त्याहून थोडे अधिकच देतो. कार्ब्युरेटरला चौरस इंचास पाच-सात पौंडांचा दाब पुरतो, पण ही नवी वाट उघडली की पंप अपुरा पडून दाब कोसळतो. यासाठी पंप मोठा हवा, दाब राखणारा नियामक वेगळा हवा, आणि दाब मोजायचा तो पेट्रोल वाहत असताना. नळी बंद असतानाचा काटा फसवा असतो. दाब उतरताच वायू तोडणारी कळ हवी. जळण जलद होते म्हणून ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते.

आणि आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाचे काय? हा वायू ३६ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि वैशाखात मलकापूर-शेगावकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. पौषातल्या गार सकाळी लावलेले माप उन्हाळ्यात खरे ठरत नाही. बाटलीतला दाब चौरस इंचास हजार पौंडांवर जातो, वायूचा सारा हिशेब बदलतो. पेट्रोलचे जेट मात्र पौषातलेच! उन्हात ठेवलेली बाटली म्हणजे संकट होय. म्हणून हे साधन शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीचे; राजूरच्या घाटाचे नव्हे.

कोळशाच्या वायूच्या दिवसांत अन्न निकृष्ट होते म्हणून गाडी धापली. हास्यवायूच्या काळात अन्न अपुरे पडले म्हणून इंजिने जळाली. एकाच धड्याच्या या दोन बाजू आहेत. बळ वाढवणारी वस्तू विकत मिळते, पण ते बळ पेलणारी व्यवस्था आधी उभारावी लागते. ही व्यवस्था कोणाला दिसत नाही. ती पट्टीखालच्या बारीक नळीत असते. घाट चढून आलेल्या इंजिनाचे श्रेय मात्र तिचेच.