उद्या पुन्हा धावता यावे म्हणून : नाशिक परिसरातील सावकाश धावेचा इतिहास

लांब पल्ल्याच्या धावपटूच्या सरावातील बहुतेक किलोमीटर शर्यतीच्या वेगापेक्षा बरेच सावकाश कापलेले असतात, ही गोष्ट आज प्रशिक्षकांमध्ये सर्वमान्य असली तरी तो सावकाश वेग नेमका किती असावा हा प्रश्न जुना आहे, आणि नाशिक परिसरात तो क्रीडांगण तयार होण्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर उभा राहिला होता. थळ घाटातून नाशिककडे येणारा लोहमार्ग 1865 मध्ये खुला झाला. त्यापूर्वी टपालाची भिस्त हरकाऱ्यांवर, म्हणजे थैली खांद्यावर घेऊन ठरलेला टप्पा पळत जाणाऱ्या आणि पुढच्या चौकीवर ती दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या माणसांवर असे. त्यांचा वेग साधारण ताशी चार ते पाच मैल, म्हणजे किलोमीटरला साडेसात ते नऊ मिनिटे धरला जाई. आजच्या हौशी धावपटूलाही हा वेग संथ वाटेल. परंतु हरकाऱ्याला तोच टप्पा वर्षानुवर्षे, पावसात आणि उन्हात, पोटासाठी कापायचा होता, त्यामुळे आज किती जोरात पळता येईल यापेक्षा उद्या पुन्हा निघता येईल का, यावरच त्याच्या पायांचा हिशेब बसलेला असणार.

असाच हिशेब वारीतही दिसतो. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि चारशे किलोमीटरहून अधिक अंतर तीन-साडेतीन आठवड्यांत चालून आषाढी एकादशीला पंढरपुरी पोहोचते. मुक्काम आधीच ठरलेले असतात आणि दिंडीची चाल तिच्यातील वृद्धांना झेपेल अशीच ठेवावी लागते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी याहून वेगळी आहे, कारण धाकटी फेरी सुमारे वीस आणि थोरली सुमारे चाळीस किलोमीटरची असून ती एका दमात पुरी करण्याकडे कल असतो, आणि उमेदीने झपझप निघालेली तरुण मंडळी उत्तररात्री बसकण मारतात, तेव्हा त्यांना मागे टाकून जाणाऱ्यांत पन्नाशीच्या बायका असतात. या चालीला व्यायामशास्त्र म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल.

मराठी मुलखातील लांब धाव स्पर्धेच्या चौकटीत आली ती पुण्यात. 1919 च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावताना दोराबजी टाटा यांनी पाहिले, त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा घाट घातला गेला. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले; म्हणजे सरासरी किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटे.

त्यानंतरच्या दशकांत जगभर सरावाच्या वेगावरून दोन तट पडले. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी 1930 च्या दशकात खंडित सरावाची, म्हणजे लहान अंतर जोरात धावून, नाडी खाली येईपर्यंत थांबून, पुन्हा धावण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली, आणि त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये 800 मीटरचा विश्वविक्रम केल्यावर ती पद्धत प्रमाण मानली जाऊ लागली. त्याच देशातील वाल्डनील गावचे डॉक्टर अर्न्स्ट फान आकेन मात्र दीर्घ आणि संथ धावेचा आग्रह धरत राहिले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून आठवड्याला शंभर मैलांचा पाया ठरवला, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल याने 800 मीटरचे, तर मरे हॅल्बर्ग याने 5000 मीटरचे सुवर्णपदक मिळवले. दोन मिनिटांहून कमी वेळात संपणाऱ्या शर्यतीसाठी तासन्‌तास डोंगरवाटांवर धावायचे, ही कल्पना तेव्हा विक्षिप्त वाटली होती. तिचे स्पष्टीकरण असे की, सावकाश धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा प्रामुख्याने प्राणवायूच्या साहाय्याने मिळते, आणि असे श्रम महिनोन्‌महिने चालू राहिले की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे, म्हणजे तंतुकणिका, संख्येने व क्षमतेने वाढतात. वेग फार वाढवला तर थकवा मात्र साचतो आणि दुसऱ्या दिवशीचा सराव बुडतो.

नाशिकमध्ये या विद्येला घर मिळाले ते भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 मध्ये सुरू केलेल्या या शाळेचा परिसर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्यामुळे, लांब पल्ल्याच्या धावपटूंचे, विशेषतः मुलींचे, केंद्र बनला. हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये 33 मिनिटे 5.28 सेकंदांत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत ट्रॅकवरील वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 31 मिनिटे 51.44 सेकंदांची वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक घेतले आणि सुवर्ण एका सेकंदाहूनही कमी फरकाने हुकले. पुढे मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशी नावे याच जिल्ह्यातून आली.

सावरपाड्यासारख्या पाड्यांवरच्या मुली डोंगर चढून दुरून पाणी आणतात, म्हणून त्या आपोआप धावपटू होतात, असे वर्तमानपत्री विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्य आहे ते एवढेच की लहानपणापासूनच्या चालण्याने हाडे, कंडरा आणि हृदय दीर्घ श्रमांना सरावतात. पण तसे पाणी त्या तालुक्यातल्या हजारो मुलींनी वाहिले आहे, आणि त्यांच्या हाती पदकाऐवजी हंडाच राहिला. वस्तीपासून मैदानापर्यंतचे अंतर वसतिगृह, आहार आणि रोज सकाळी घड्याळ धरून उभा राहणारा माणूस यांनी तोडले.

ग्वांगझूच्या वेळेचा भागाकार केला तर किलोमीटरला सुमारे 3 मिनिटे 11 सेकंद हा वेग निघतो. सामान्य ठोकताळ्यानुसार लांब सुलभ धाव याहून एक ते दीड मिनिट सावकाश असते, म्हणजे अशा दर्जाच्या धावपटूनेही एरवीचे किलोमीटर सव्वाचार ते पावणेपाच मिनिटांत कापावेत. मनगटी घड्याळात ठोके दिसू लागण्यापूर्वी हा वेग बोलून तपासला जाई: धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली तर तो योग्य, दोन शब्दांनंतर धाप लागली तर जास्त. फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 मध्ये बिनतारी हृदयस्पंदन मापक बाजारात आणल्यानंतर त्या जुन्या कसोटीला आकडे मिळाले, तरी ती रद्द झालेली नाही.

नाशिकचा भूगोल तर या आकड्यांना सतत खोटे पाडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि त्र्यंबक त्याहूनही शंभर मीटरहून अधिक उंच, त्यामुळे त्र्यंबक रस्त्याने जाताना आणि येताना श्रम सारखे ठेवायचे तर वेग बदलावाच लागतो. डिसेंबरच्या थंडीत सहज निघणारा वेग एप्रिलमध्ये त्याच ठोक्यांत निघत नाही, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि हृदयाचे काम वाढते. उन्हाळ्यात म्हणूनच लांब धाव पहाटे उजाडण्यापूर्वी सुरू करावी लागते, आणि तरीही शेवटच्या तासात किलोमीटरमागे काही सेकंद सोडून द्यावे लागतात.