अंगोरा शेळी व मोहेर : एक टिपण

जुन्या व्यापारी कागदांत शेळीच्या उंची लोकरीचा उल्लेख आढळला, म्हणजे ती पश्मीनाच असे धरणे युक्त नव्हे. पश्मीना ही केसांखालची मऊ लव होय. मोहेर हे अंगोरा शेळीचे कातरलेले लांब, चकचकीत केस होत. 'मोहेर' हा शब्द अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडक, यावरून आला.

अंकारा प्रांताचे हे धन परदेशी जाऊ नये, अशी तुर्की सत्तेची दीर्घकाळ दक्षता होती. १८३८ साली, हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेत राहिलेल्या कर्नल हेंडरसन याने बारा बोकड व एक शेळी दक्षिण आफ्रिकेत नेली. बोकड निर्बीज केलेले निघाले. परंतु शेळी गाभण होती, व प्रवासातच तिला नर पिलू झाले. त्या मायलेकरांपासून तेथील पैदाशीस आरंभ झाला. पुढे दक्षिण आफ्रिका मोहेरच्या उत्पादनात अग्रेसर ठरली. १८४९ साली ही जात अमेरिकेतही पोहोचली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या विज्ञानवर्धिनीने संगमनेरी शेळीशी अंगोराचा संकर करून महाराष्ट्रात मोहेर उत्पादनाचे प्रयोग केले. तात्पर्य, नुसत्या बारा बोकडांच्या नोंदीवरून कोणी निष्कर्ष काढता, तर पैदास अशक्य ठरती. संख्येबरोबर स्थितीही तपासावी, हेच संशोधकास श्रेयस्कर होय.